जुन्या बोर्डावर नवं कार्ड

कॉम्प्युटरच्या दुकानात बाई शिरली की दुकानदार आधी तिच्या मागे कोण आहे ते बघतो. माझ्या मागे अण्णा होते. अण्णा म्हणजे माझे वडील, हायस्कुलातून निवृत्त झालेले मास्तर, हातात कापडी पिशवी. त्यामुळे नांदेडच्या त्या दुकानात भुजंग नावाच्या मालकाने प्रश्न माझा ऐकला आणि उत्तर अण्णांना दिलं.

"काका, गेम खेळणारं पोरगं हाय का घरी?"

अण्णांना कार्ड म्हटलं की लग्नपत्रिका आठवते. ते माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, घरात गेम कुणी खेळत नाही, काम मी करते आणि ग्राफिक्स कार्ड मला हवंय. माझा आवाज जरा चढला असणार, कारण शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. बघू दे. लातुरात हवं ते कार्ड मिळालं नाही म्हणून एसटीत उभ्याने आले होते, आणि माझ्या हातात तो शनिवार आणि दुसऱ्या दिवशीचा रविवार, एवढंच होतं.

काम काय ते सांगते. मी घरांची इलेव्हेशन करते. म्हणजे प्लॉटवर अजून नुसता मुरूम पडलेला असतो आणि मालकाला आपल्या बंगल्याचं तोंड कसं दिसणार ते रंगासकट बघायचं असतं. ते मी कॉम्प्युटरवर काढून देते. लातुरात हल्ली प्रत्येकाला दारात दोन गोल खांब आणि वर काचेची बाल्कनी पाहिजे, म्हणून काम मिळतं, पण तुटक तुटक. त्यावर कुणाचा संसार चालत नाही. मग मी हैदराबादच्या एका कंपनीत अर्ज केला. घरी बसून करायची, दरमहा पगाराची नोकरी. त्यांनी परीक्षा म्हणून एका दवाखान्याचा नकाशा पाठवला आणि वॉकथ्रू मागितला. न बांधलेल्या इमारतीतून माणूस चालत चाललाय असं दाखवणारा व्हिडिओ, त्याला वॉकथ्रू म्हणतात. तो सोमवारी सकाळी पोचला पाहिजे, दुपारपर्यंत निकाल कळवतो, म्हणाले.

इमारत मी माझ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उभी करून ठेवली होती. पायऱ्या, खिडक्या, बाळंतिणींच्या वॉर्डातले पाळणेसुद्धा. आता फक्त तिच्यातून चालायचं होतं, आणि ते ज्या सॉफ्टवेअरमध्ये करायचं ते माझ्याकडे उघडेच ना. 'आपले ग्राफिक्स कार्ड पुरेसे नाही' एवढं सांगून ते मिटायचं. माझा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात घेतलेला. त्याच्यानंतर माझं शिक्षण संपलं, लग्न झालं, लग्न संपलं, तो आपला घरघर करत चालूच आहे. दुसऱ्या कुणाचा मागावा, तर ज्या आर्किटेक्टकडे तसा आहे तो स्वतःच त्यावरून उठत नाही.

आता खरी गोष्ट. मी घटस्फोट घेऊन माहेरी आले तेव्हा श्रद्धा कडेवर होती. आता ती दुसरीत आहे. मुरुडला माझी आत्या असते. दुसऱ्यांची लग्नं जुळवल्याशिवाय तिला घास गोड लागत नाही. तिने देवणीचं स्थळ आणलं. राघवेंद्र नाव, बँकेत नोकरी, पहिली बायको वारलेली, शांत माणूस. नाव ठेवावं असं त्याच्यात काही नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. त्याने एकच अट घातली, तीही अगदी नम्रपणे. मुलगी आजोळी राहू दे, तिचं सगळं मी करीन, सुट्टीत ती आईकडे येत जाईल. सुट्टीत आईकडे. आत्याने हे शब्द फोनवर असे उच्चारले की जणू मोठीच सोय झाली.

अण्णा दुष्ट नाहीत. छातीत कळ येऊन गेल्यापासून ते घाबरलेत, एवढंच. आम्ही तुला कुठवर पुरणार, हे एक वाक्य त्यांनी धरून ठेवलंय. मी भांडभांड भांडले, दोन दिवस जेवले नाही, काही उपयोग झाला नाही. शेवटी ठरलं ते असं, की हैदराबादची नोकरी लागली तर अण्णा स्वतः देवणीला नाही म्हणतील. नाही लागली तर मी हो म्हणायचं. देवणीकरांना सोमवारी संध्याकाळी उत्तर द्यायचं होतं. म्हणजे त्या काउंटरवरून मी कोणतं कार्ड उचलते, यावर माझी लेक माझ्याजवळ झोपणार की नाही हे ठरणार होतं. भुजंगला हे काय सांगणार?

मी अण्णांच्या पिशवीतून जुनं कार्ड काढून समोर ठेवलं. घरातला नळ गळायला लागला की आपण जुना नळच दुकानात घेऊन जातो, तसं मी केलं होतं. सकाळी कॅबिनेट जमिनीवर आडवं घातलं, कार्ड उपसलं, आत किती जागा आहे ते आईच्या शिवणाच्या टेपने मोजलं, आणि सगळं तसंच उघडं टाकून निघाले. आमच्या कॅबिनेटला झाकण नाहीच. तापतं म्हणून एकदा काढलं, ते आईने कुंडीखाली घातलं.

भुजंगने पहिलं कार्ड दाखवलं ते नवं होतं, पण त्याची मेमरी चार जीबी. सॉफ्टवेअरला निदान सहा लागत होती. मी नको म्हटलं. मग त्याने आतून एक धूड आणलं. तीन पंखे, सेकंडहँड, मेमरी भरपूर. "लई पावरफुल हाय, पुन्हा असं भेटणार न्हाई," असं तो अण्णांना म्हणाला. मी टेप लावून पाहिला. ते माझ्या कॅबिनेटमध्ये हार्डडिस्कच्या पिंजऱ्याला अडत होतं. शिवाय त्याला विजेची वेगळी वायर हवी, आणि माझा पॉवर सप्लाय आधीच म्हातारा, त्याने तेवढ्यावर मान टाकली असती. भुजंग म्हणाला, मग पॉवर सप्लाय बदला. मग कॅबिनेट बदला. मग म्हणाला, असं करा, मदरबोर्डच बदला. मी विचारलं, मग माझं काय राहील, माऊस? तो हसला, अण्णा हसले नाहीत.

तिसरं कार्ड मी स्वतः शोधलं. त्याच्या कपाटात खालच्या फळीवर होतं, लहानसं, नवं, सहा जीबी, आणि त्याला वेगळी वायर लागत नव्हती. बोर्डावरच्या खाचेतून जेवढी वीज मिळते तेवढ्यावर भागवणारं. मला ते बघताक्षणी आवडलं. घरी आठवडाभर मी मोबाईलवर हेच वाचत बसले होते. अर्धे लोक म्हणत होते जुन्या बोर्डावर झकास चालतं, अर्धे म्हणत होते पैसे पाण्यात. मी भुजंगला सरळ विचारलं, चालेल का?

पहिल्यांदा तो माझ्याकडे बघून बोलला. "चालाया पाहिजे, ताई. पण तुमचा बोर्ड लई जुना हाय. कधी कधी जुना बोर्ड नवं कार्ड घेतच न्हाई. मग आपण काहीबी करा. आन् सील फोडलं की वापस न्हाई, हे आत्ताच सांगून राहिलोय."

पैशांचं रडगाणं गात नाही, ते माझे मी जमवले होते. कार्ड घेतलं. परतीच्या गाडीत खोका मांडीवर धरून बसले. अण्णांनी अहमदपूरच्या आसपास विचारलं, मनू, बोर्डाने नाही घेतलं तर?

घरी पोचले तर आई दारात ताट घेऊन उभी. आमच्या घरात नवी वस्तू पूजेशिवाय वापरात येत नाही. मिक्सरला हळदीकुंकू झालंय, शेगडीला झालंय, अण्णांच्या कानातल्या यंत्रालासुद्धा झालंय. मी हात जोडून सांगितलं, बाई, कुंकू खोक्याला लाव, आतल्या वस्तूला बोटसुद्धा लावू नकोस. तिने माझं तंतोतंत ऐकलं. खोका आडव्या कॅबिनेटच्या कडेवर ठेवला, त्याला कुंकवाचं बोट लावलं, निरांजन ओवाळलं आणि श्रद्धाच्या मुठीत अक्षता दिल्या. मी न्हाणीत पाय धूत होते. आतून मला श्रद्धाचा आवाज आला, लग्नात भटजी म्हणतात तसा, शुभमंगल सावधान. लग्नात लांबून मूठ भिरकावायची तिला फार मजा वाटते. मला हसू आलं. त्यानंतर कितीतरी वेळ आलं नाही.

कार्ड बसवलं. खाचेत दाबल्यावर कडेची पट्टी खट्ट होते तशी ती झाल्यासारखी वाटली आणि झाली नाही असंही वाटलं. जास्त जोर करायची हिंमत झाली नाही, कारण इतका जुना बोर्ड कडकन मोडला तर सगळंच संपलं. बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला, कार्डाचा पंखा एकदा फिरून थांबला, आणि पडद्यावर आतल्या भागांची यादी येते तिच्यात कार्डाचं नावच नाही. बंद केलं, काढलं, पुन्हा बसवलं. नाही. बोर्डाचं सॉफ्टवेअर नवं टाकलं, ते टाकताना वीज जाईल आणि इन्व्हर्टर दगा देईल म्हणून देव पाण्यात घालून बसले. नाही. बॅटरी काढून ठेवली, परत घातली. कार्डाच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवलं. मोबाईलवर कुणीतरी पंचवीस वर्षांचा मुलगा दात काढून सांगत होता की दोस्तहो, हे करून बघा. केलं. नाही.

रविवारी सकाळी भुजंगला फोन लावला. दुकान बंद, तो गावाकडे. मी पुरतं सांगायच्या आतच म्हणाला, "म्या सांगितलं होतं ना ताई, जुना बोर्ड घेत न्हाई." आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा फोन करू नका, असं म्हणाला नाही एवढाच त्याचा चांगुलपणा.

दुपारी मी त्या उघड्या डबड्यासमोर फरशीवर बसून रडले. मला स्वतःचाच संताप आला. चार जीबीवालं घेतलं असतं तर निदान चाललं तरी असतं, असा एक मूर्ख विचार येत होता. ते चालून काय उपयोग होता ते मला माहीत होतं, तरी येत होता. इतकं मोजून, वाचून, भांडून निवडलेलं कार्ड हातात होतं आणि माझा स्वतःचा कॉम्प्युटर त्याला ओळख दाखवत नव्हता. आई दोनदा येऊन गेली. दुसऱ्यांदा तिने देवापुढची फुलं आणून कॉम्प्युटरच्या टेबलावर ठेवली. मी ती उचलून खिडकीतून फेकली. ती आत गेली.

उन्हं कलली तेव्हा आत्याचा फोन आला. देवणीकरांना आजच उत्तर पाहिजे, दुसरीकडून त्यांना सांगून आलंय. अण्णांनी फोन छातीशी धरला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला घाई केली नाही, हे मी मान्य करते. ते नुसते उभे राहिले.

श्रद्धा तिथेच चित्र रंगवत बसली होती. तिने मान वर केली. "आई, देवणीला ते मोठ्या कानांच्या गायी असतात ना? आमच्या पुस्तकात आहेत. मला दाखवशील?"

तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं आम्ही दोघी जाणार. पण मी थकले होते. खरं सांगायचं तर मी भीत होते की उद्या अण्णांना काही झालं, तर मी या पोरीला काय खायला घालणार आणि कुणाच्या दारात उभी राहणार. त्या भीतीनेच मी बोलले.

"हो म्हणून सांगा त्यांना."

अण्णांनी सांगितलं. पलीकडे आत्याचा आनंद मला इथवर ऐकू आला. अण्णा फोन ठेवून खुर्चीत बसले, आणि सुटल्यासारखं काही त्यांच्या तोंडावर दिसलं नाही.

मी म्हटलं, निदान जुनं कार्ड जागेवर घालावं. चालू असलेली दोन इलेव्हेशन होती, ती तरी पुरी करून द्यावीत. नवं कार्ड उपसलं. दिवेलागण झाली होती आणि कॅबिनेटच्या पोटात काही दिसेना, म्हणून मोबाईलचा उजेड पाडला. तोवर मी त्या खाचेकडे दिवसाउजेडी शंभरदा पाहिलं असेल, पण वरून. त्या वेळी उजेड बाजूने पडला आणि खाचेच्या टोकाला, अगदी आत, मला काहीतरी लाल दिसलं.

आधी वाटलं वायरचा तुकडा. आईच्या डब्यातली सुई आणली आणि हलक्या हाताने उकरलं. निघता निघेना. मग निघालं आणि माझ्या तळहातावर पडलं. तांदळाचा दाणा. बारीक कोलम, कुंकवात भिजवलेला. आमच्याकडे जाड तांदूळ असता तर तो त्या फटीत शिरलासुद्धा नसता.

कार्ड पुन्हा बसवलं. पट्टी खट्ट झाली. इतकी स्वच्छ झाली की अण्णांनी खुर्चीतून विचारलं, काय मोडलं? बटण दाबलं, पंखा फिरला आणि फिरतच राहिला. यादीत कार्डाचं नाव आलं. सॉफ्टवेअर उघडलं. माझा दवाखाना पडद्यावर आला, सगळ्या खिडक्यांसकट.

मला आनंद झाला असं वाटेल कुणाला. झाला नाही. राग आला, असा की कानशिलं तापली. आई देवापुढे दिवा लावून बाहेर आली तशी मी तिच्यासमोर हात केला.

"हे बघ. खाचेत अडकलं होतं. या एका दाण्यापायी मी हो म्हणून बसले."

आईला लगेच कळलं. तिचं तोंड पडलं. मला ते बघवलं नाही, तरी मी हात मागे घेतला नाही. श्रद्धा म्हणाली, अगं, ही तर माझी अक्षता. आईने तो दाणा माझ्या हातावरून उचलला, पदराच्या टोकाला पुसला, उगीचच, आणि कितीतरी वेळ बघत राहिली. मला वाटलं आता रडेल, माफी मागेल, आणि मग मलाच तिची समजूत घालावी लागेल. त्याचाही मला आधीच राग यायला लागला होता.

ती अण्णांच्या खुर्चीपाशी गेली, त्यांच्या मांडीवरचा फोन उचलला आणि मुरुडला लावायला सांगितला. अण्णांनी लावून दिला, कशासाठी ते न विचारता.

"वन्सं, गोदावरी बोलतेय. देवणीला न्हाई म्हणून कळवा." पलीकडून बरंच काही आलं. आई थांबली, ऐकून घेतलं. "न्हाई, नोकरीचं अजून काही न्हाई. व्हिडिओबी झाला न्हाई. मनूवर एकदा अक्षता टाकल्या आम्ही, गाव गोळा करून, वाजवून टाकल्या. तवाबी तिला विचारलं नव्हतं. आता पुन्हा टाकायच्या न्हाईत."

अण्णा म्हणाले, "अगं, मी आत्ताच शब्द दिलाय."

"तुम्ही दिलाय," आई म्हणाली, "मी कुठं दिलाय?"

त्यांच्या चाळीसएक वर्षांच्या संसारात मी तिला त्यांच्याशी असं बोलताना ऐकलं नव्हतं. अण्णांनीही ऐकलं नसावं. आईने फोन त्यांच्या मांडीवर परत ठेवला आणि माझ्याकडे वळली. दाणा अजून तिच्या चिमटीत होता.

"चालू झालं का गं ते?"

"झालं. पण सकाळपर्यंत पुरं होईल का, सांगता येत नाही. कॉम्प्युटर जुना आहे. आणि त्यांना पसंत पडेल का तेही माहीत नाही."

"न्हाई पडलं तर न्हाई पडलं. तू पोरीला सोडून कुठं जात न्हाईस."

तेव्हा मला रडू आलं. दुपारी रडले होते त्यापेक्षा हे वेगळं होतं, आणि मी ते थांबवायच्या भानगडीत पडले नाही. एका हाताने डोळे पुसत दुसऱ्या हाताने चालायचा रस्ता आखत होते. दारातून आत, उजवीकडे वॉर्ड, पाळण्यांमधून पुढे. श्रद्धा माझ्या मांडीवर येऊन बसली आणि आपण आत जाऊन राहिलो का, म्हणून विचारायला लागली. मी हो म्हटलं. व्हिडिओ तयार करायचं बटण दाबलं आणि एक हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकायला लागली.

तेवढ्यात वीज गेली. शेजारी कुणीतरी नेहमीप्रमाणे ओरडलं. आमचा इन्व्हर्टर लागला, हिरवी पट्टी शाबूत होती, आणि माझा जीव त्या खोलीत कुठे होता ते मला सांगता येणार नाही. इन्व्हर्टरही काही नवा नाही. पंखा, दिवे, फ्रीज, सगळं ओढत तो किती तग धरेल याचा हिशोब मी मनात करायच्या आत अण्णा उठले.

त्यांनी पंखा बंद केला. फ्रीजची पिन काढली. स्वयंपाकघरातला दिवा, देवघरातला झिरोचा दिवा, सगळे विझवत ते घरभर फिरून आले. माझ्या मागे येऊन थांबले, पडद्याकडे पाहिलं, त्यातलं त्यांना काही कळलं असेल असं नाही.

"फक्त तुझंच चालू राहू दे," ते म्हणाले. मग अंधारात चाचपडत खुर्चीत जाऊन बसले आणि घडी घातलेल्या पेपराने वारा घ्यायला लागले.